गायन पार्टीची वही



भीमजयंती जवळ आली की आमच्या दिघाशीच्या बौद्धवाड्यात बैठक भरते. पहिला विषय वर्गणीचा, दुसरा मिरवणुकीच्या मार्गाचा आणि तिसरा विषय म्हणजे वाजवायचे काय. पहिले दोन विषय चहा येण्याआधी संपतात, तिसऱ्यावर दरवर्षी आवाज चढतात. यंदाही तसेच झाले. तरुण मंडळींनी डीजेचे नाव काढले, दोघा-तिघांनी बेंजो पार्टी सुचवली आणि वडीलधारी मंडळी नेहमीप्रमाणे गप्प बसली. तेवढ्यात आमच्या वाड्यातल्या एक आत्या, ज्या बैठकीत सहसा तोंड उघडत नाहीत, त्या म्हणाल्या, "अरे, आपली गायन पार्टी होती ना? तिचं काय केलंत?"

एक पोरगा हसत म्हणाला, "आत्या, पार्टी कपाटात आहे."

त्याने थट्टेने म्हटले खरे, पण ते अक्षरशः खरे निघाले. विहारातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला तर आत भाता फाटलेली पेटी, एका बाजूची पुडी गेलेली ढोलकी, झांजांचा एक जोड आणि तांबड्या कापडात बांधलेली हिशेबाची लांब वही. आम्ही पेशाने कारकून. वही दिसली की उघडल्याशिवाय राहवत नाही. बैठक तशीच चालू राहिली आणि आम्ही कोपऱ्यात जाऊन ती वही वाचीत बसलो.

पहिली पाने हिशेबाची. ढोलकीला शाई, पेट्रोमॅक्सची मॅन्टल, एस.टी. भाडे, चहा, पानसुपारी. कुठे लग्नात गायल्याची बिदागी जमा, कुठे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गायले म्हणून "रक्कम घेतली नाही" असा शेरा. वही उलटी करून मागच्या बाजूने गाणी लिहिलेली. एकूण चाळीसेक गाणी, चार-पाच निरनिराळ्या हस्ताक्षरांत. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चाल कोणत्या सिनेगीताची, ते लिहिलेले. मात्र गाणे कोणाचे, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नाही.

ही एका वाड्याच्या गायन पार्टीची वही. पण अशा वह्या ठाणे जिल्ह्यातच नव्हे, तर नाशिक, नगर, पुणे, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडे आपल्या वस्त्यांत असतील. आमच्या पिढीला गायन पार्टी माहीत आहे, पण ती आली कोठून, हे पुष्कळांना माहीत नाही. म्हणून यावेळी सदरात थोडे मागचे सांगतो.

गायन पार्टीची आजी म्हणजे जलसा. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा उचलला, त्यातला चावटपणा काढून टाकला आणि त्यात आपला विचार भरला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, पण सांगायचे ते भटशाहीविषयी, सावकाराविषयी, शिक्षणाविषयी. ज्याला अक्षर येत नाही त्याला पुस्तक देऊन काय उपयोग? त्याला गाणे दिले तर ते तो शेतात घेऊन जातो. हे त्या लोकांनी ओळखले होते.

तमाशाचा साचा आपल्या समाजाला परका नव्हता. उलट तो आपल्याच अंगाखांद्यावर वाढला होता, आणि दुखणेही तिथेच होते. ढोलकी आपली, नाचणारी पोर आपली आणि फेटा उडवणारा पाटील. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाचे नाव त्या काळी साऱ्या महाराष्ट्रात होते. बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत चरित्रांतून सांगितली जाते. पैशाची गरज असताना पैसा परत करणे सोपे नसते. पण आपल्या आयाबहिणींना नाचवून मिळालेल्या पैशावर स्वाभिमानाची लढाई लढायची नाही, हा त्यातला मुद्दा. मग प्रश्न उरला की ढोलकीचे करायचे काय? फेकून द्यायची की तिच्याकडून दुसरे काम करून घ्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या तरुणांनी दिले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तिथे झटत होते. त्याच धामधुमीत भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसा उभा केला. आंबेडकरी जलसा म्हटले की पहिले नाव कर्डकांचे येते, ते यामुळे. पुढे पतितपावनदास, केरूबुवा गायकवाड, केरूजी घेगडे, अर्जुन भालेराव अशी जलसाकारांची फळीच तयार झाली.

जलशात काय असे? तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. जलशाने ही चौकट ठेवली पण आतला माल बदलला. देवाच्या स्तुतीऐवजी थोरांना वंदन. गवळणींच्या छेडछाडीऐवजी दोन गड्यांचे बोलणे: एक जुन्या चालीचा, एक शिकलेला. शिकलेला विचारतो, "का रे, मेलेलं ढोर ओढायला तूच का?" जुना म्हणतो, "वतन आहे ना आपलं!" मग त्या वतनाची अशी काही साल सोलायची की बसलेली माणसे हसता हसता गप्प होत. मृतमांस सोडा, दारू सोडा, देवदेवस्की सोडा, पोर शाळेत घाला. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जे सांगितले आणि 'बहिष्कृत भारत' व 'जनता' या पत्रांतून जे छापले, ते ज्याला वाचता येत नव्हते त्याच्या दारापर्यंत जलशाने नेले. आमच्या मते ही जलशाची खरी कामगिरी. वर्तमानपत्राला वाचक लागतो, आणि तो तयार होईपर्यंत जलसा थांबून राहिला नाही.

१९३५ साली येवल्याची घोषणा झाली, ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ ची निवडणूक आली. या सगळ्यांत जलसे गावोगाव फिरले. मोटार नाही, लाउडस्पीकर नाही, बैलगाडीने नाहीतर पायी जायचे. गावात मुक्काम महारवाड्यात, भाकरी महारवाड्यातली. काही गावी सवर्णांनी कार्यक्रम होऊ द्यायचा नाही, मग वेशीबाहेर करायचा. जलशाचे मोल बाबासाहेबांनी आपल्या सभांच्या तोडीचे मानले होते, असे जुनी माणसे अभिमानाने सांगतात. एक जलसा किती सभांच्या बरोबरीचा, हा आकडा प्रत्येक जण आपल्या उत्साहाप्रमाणे सांगतो, ते सोडून द्या.

कर्डकांचे आणखी एक ऋण आहे. त्यांनी नुसता जलसा केला नाही, तर 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तकही लिहिले. ज्याने ढोलकीच्या साथीला उभे राहून गायले, त्यानेच आपल्या हाताने हिशेब लिहून ठेवला. आमच्या कारकुनी मनाला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्यांनी लिहिले नसते तर आज पीएच.डी. करणाऱ्या मुलांना काय सापडले असते?

इथे एक सातासमुद्रापलीकडची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्यासारख्याच माणसांची आहे. अमेरिकेत निग्रो गुलामांची मुक्तता झाल्यावर, १८६६ साली, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात त्यांच्या मुलांसाठी फिस्क नावाची शाळा सुरू झाली. पुढे तिचेच विद्यापीठ झाले. पाचच वर्षांत शाळा कर्जात बुडाली. त्या शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे संगीतही शिकवीत. त्यांनी ऑक्टोबर १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी घेतले आणि गात गात निधी गोळा करायला निघाले. यातली बहुतेक मुले स्वतः गुलामीत जन्मलेली. आपल्या आईबापांची, मळ्यातली गाणी चारचौघांत म्हणायला त्यांना सुरुवातीस संकोच वाटे. ती गुलामीची खूण वाटे. पण जेव्हा त्यांनी तीच गाणी म्हटली, तेव्हा लोकांनी कान दिला. काही गावांत हॉटेलवाल्यांनी कातडीचा रंग पाहून त्यांना जागा नाकारली. १८७३ मध्ये ती मंडळी इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीपुढे गायली. जमवलेल्या पैशातून 'ज्युबिली हॉल' नावाची पक्की इमारत उभी राहिली. ती आजही आहे.

पुढे त्याच फिस्कच्या चौघा गायकांचा ताफा झाला आणि १९०९ मध्ये त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. चौघांनी मिळून धर्मगीते म्हणायची ही रीत अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या आणि गोऱ्या दोन्ही समाजांत वाढली. गोऱ्यांमध्ये तर १९१० साली टेनेसीतल्याच जेम्स व्हॉन नावाच्या प्रकाशकाने आपली गाण्याची पुस्तके खपवायला चौघांची टोळी पगारी ठेवून फिरवली. आपल्याकडेही कार्यक्रम संपला की गाण्यांची चोपडी विकायला निघे, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गाणे ऐकून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी अर्धे विसरतो, म्हणून चोपडी हवी. तिकडे काय आणि इकडे काय, हे गाणाऱ्यांना चांगले कळत होते.

फिस्कमध्ये शिकलेले एक मोठे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. त्यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात या गुलामांच्या गाण्यांवर एक सबंध प्रकरण लिहिले. आणि याच ड्यू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र पाठवले होते. निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत मिळावी, असे ते पत्र होते. म्हणजे जलशाच्या काळात या दोन समाजांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता असे समजू नये.

हे सारे सांगण्याचे कारण, त्या गोष्टीतला खजिनदार. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. या पन्नासेक दिवसांनी गाण्याचेही रूप बदलले. जलसा वाद घालीत असे, आता गाणे वंदना करू लागले, रडू लागले आणि नव्या धम्माची ओळख करून देऊ लागले. नव्या रीतीची लग्ने सुरू झाली, त्यांना नवी गाणी हवी होती. नामकरणाला, गृहप्रवेशाला, जलदानाला गाणी हवी होती. जुनी देवाची गाणी सोडली, मग बायका म्हणणार काय? ही गरज गायन पार्टीने भागवली. सात-आठ माणसे, पेटी, ढोलकी किंवा तबला, झांज, एक पुढे गाणारा आणि बाकीचे मागे ओढणारे.

या काळाचे सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्म. शाळा नाही. मुंबईत शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना कोणीतरी एक पत्र वाचून दाखवायला दिले आणि ते वाचता येईना, याची लाज त्यांना इतकी लागली की मोठेपणी त्यांनी अक्षर गिरवले. १९४३ मध्ये पहिले गीत केले आणि मग २००४ मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. हजारो गीते. गावोगाव फिरायचे, ज्याच्या घरी उतरतील त्याच्या पोरांना गाणे शिकवायचे, पुढच्या गावी निघायचे. त्यांच्या गीतांचे संग्रह निघाले, परंतु जेवढे छापले त्याहून जास्त लोकांच्या तोंडी आणि अशा वाड्यावाड्यांच्या वह्यांत राहिले. त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य आजही गात आहेत.

आमच्या भागात मात्र पार्टीवर दुसराही एक ठसा होता, तो कव्वालीचा. मुंबईच्या कामगार वस्तीत हिंदू, मुसलमान, बौद्ध चाळी एकमेकींना लागून. उर्साला कव्वाली ऐकायची आणि जयंतीला तिच्याच ढंगात बाबासाहेबांवर गायचे. भिवंडी तर यंत्रमागाचे गाव. मागावर शेजारी उभा असलेला अन्सारी बंधू कव्वालीचा दर्दी. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, नागपूरकडचे नागोराव पाटणकर यांनी हा ढंग आपल्या गाण्यात असा मुरवला की तो बाहेरून आला असे आज कोणाला वाटतही नाही. दोन पार्ट्यांचा सामना लागला की रात्र कमी पडे. एका पार्टीने बुद्धचरित्रातला प्रश्न गाण्यात टाकायचा, दुसरीने गाण्यातच उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर लोकांचा ओरडा! आमच्या लहानपणी असे सामने ऐकत आम्ही सतरंजीवर झोपून जात असू आणि पहाटे जाग आली तरी सामना चालूच असे. राहुलमाता यशोधरेचे नाव आम्ही शाळेत नव्हे, सामन्यात पहिल्यांदा ऐकले.

विठ्ठल उमपांविषयी एक ओळ लिहिलीच पाहिजे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांनी प्राण सोडला. ज्या भूमीवर समाजाने नवा जन्म घेतला तिथेच शाहिराचा शेवट झाला. आणि शाहीर विलास घोगरे यांनी १९९७ च्या जुलैत, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर चारच दिवसांनी, आपले जीवन संपवले. त्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली होती. गाणे म्हणणारा माणूस समाजाचे दुःख कसे अंगावर घेतो, ते यावरून समजावे. याहून जास्त लिहवत नाही.

पार्ट्या मोडल्या कशाने? पुष्कळ लोक एका शब्दात सांगतात, डीजे. आम्हाला ते पुरते पटत नाही. डीजे नंतर आला. आधी १९८२ चा गिरणी संप झाला. पार्ट्यांतले कितीतरी गायक गिरणीत, नगरपालिकेत, रेल्वेत कामाला. पाळी सुटली की चाळीत रियाज. गिरण्या बंद पडत गेल्या, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकले आणि तिथे बारा बारा तासांची पाळी. बारा तास खटाखट ऐकून आलेला माणूस रात्री ढोलकी काय वाजवणार? त्याच सुमारास कॅसेट आली. सहा डिसेंबरला दादरला जाऊन घरोघरी कॅसेट आणल्या गेल्या. मोठ्या गायकांचा आवाज घरात आला हे चांगलेच झाले, पण वाड्यातला गायक त्यांच्यापुढे फिका वाटू लागला. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, फार तर वर्षातल्या मोजक्या परवानगीच्या दिवशी बारापर्यंत. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला झोप हवी. परंतु रात्रभराचा सामना त्याने संपला. आता तर यंत्रमागही कमी होत चालले, शेतांत गोदामे उभी राहिली. आमच्या वाड्यातली मुले तिथे माल चढवायला, स्कॅनर धरायला जातात. कोणाची दिवसपाळी, कोणाची रात्रपाळी. सहा जण एका वेळी घरी सापडतील तर रियाज होईल ना!

ही झाली जगाची कारणे. आता घरचे कारण.

त्या वहीच्या शेवटच्या पानाला एक अर्ज टाचणीने लावलेला आहे. टाचणी गंजून कागदाला तांबडा डाग पडला आहे. "पेटीचा भाता व ढोलकीची पुडी दुरुस्त करणेकामी मंडळाने रक्कम मंजूर करावी ही विनंती." खाली पार्टीतल्या पाच जणांच्या सह्या, एक अंगठा. आणि कोपऱ्यात शेरा: "निधी उपलब्ध नाही." शेऱ्याखालची सही आमची आहे. त्या वर्षी मंडळाचे खजिनदार आम्हीच होतो. अर्ज आम्ही साफ विसरलो होतो, पण सही नाकारता येत नाही. आमच्या घरी त्या वर्षाची पावतीपुस्तके आहेत, ती आम्ही त्याच रात्री काढून पाहिली. निधी होता. तो साऊंडवाल्याला दिला होता. दुरुस्तीला जेवढे लागले असते त्याच्या कित्येक पट रक्कम, एका रात्रीसाठी. हिशेब अगदी चोख, पावती नंबरासह.

फिस्कच्या खजिनदारानेही तिजोरीत खडखडाट पाहिला होता. त्याने गाणाऱ्यांना बाहेर काढले. आम्ही गाणाऱ्यांना कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटीवाल्या काकांकडे गेलो. पार्टीतले आता तेच एक वाड्यात उरले आहेत. बाकीचे काही कालकथित झाले, काही मुलांकडे कल्याण-बदलापूरला गेले. काकांची उमर यंत्रमागावर गेली, आता चार पावले चालले की दम लागतो. वही पुढे ठेवली. त्यांनी अर्ज पाहिला, शेरा पाहिला आणि आमच्याकडे न बघता पान उलटले. "हे राहू द्या," म्हणाले. "गाणी वाचा."

तेव्हापासून तीन रविवार झाले, संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसतो. बारावीत शिकणारी त्यांची नात लिहून घेते, तिचा भाऊ मोबाईलवर आवाज भरतो. काकांना सबंध गाणे म्हणता येत नाही, एक कडवे म्हणायचे, थांबायचे, पाणी प्यायचे. वहीत शब्द आहेत पण चाल काकांच्याच डोक्यात. आम्ही तीन गोष्टी टिपतो: शब्द काय, चाल कशी आणि गाणे कोणाचे. पहिल्या दोन गोष्टी सुटतात, तिसऱ्यावर गाडी अडते. आपल्या शाहिरांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. तीच त्यांची सही, तोच त्यांचा मालकी हक्काचा कागद. काकांनी खाली मान घालून कबूल केले की दोन गाण्यांत पार्टीने ते नाव काढून आपले घातले होते. "सामन्यात समोरच्याला कळू नये म्हणून," म्हणाले. नात खळखळून हसली. आम्हालाही हसू आले, पण ती दोन नावे काकांकडून विचारून घेऊन जागच्या जागी लिहून घेतली.

मागच्या रविवारी त्या बैठकीतल्या आत्या येऊन बसल्या. काका एक गाणे म्हणत होते, रमाईंवरचे. वहीत ते आहे, चालीच्या जागी काहीच लिहिलेले नाही. आत्या एकदम म्हणाल्या, "हे माझ्या आईचं आहे." आम्हाला वाटले, त्यांच्या आईला आवडत असेल. तर तसे नव्हे. त्यांची आई पहाटे जात्यावर बसून रमाईंवर ओव्या जोडायची. पार्टीतल्या कोणी त्या ऐकल्या, त्यांना ठेका लावला आणि तेव्हापासून ते पार्टीचे गाणे झाले. लग्नांत गायले गेले, दुसऱ्या गावच्या पार्ट्यांनी उचलले. आईने ते लाउडस्पीकरवर ऐकले होते. आम्ही विचारले, "मग त्या काही बोलल्या नाहीत?" आत्या म्हणाल्या, "काय बोलणार? तिला वाटलं, बरं झालं, गाणं मोठं झालं." काका काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हाला माहीत होतं ताई. लिहायचं सुचलं नाही."

हे वाचताना काहींना वाटेल, ओवी ती ओवी, तिला कोठे मालक असतो? पुण्याचे गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत बाबासाहेबांवरच्या आणि रमाईंवरच्या ओव्या आपल्या मायबहिणींनी गायलेल्या आहेत. त्या कामात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवले. म्हणजे हे करता येते. जलशाच्या काळी बाईचे सोंग पुरुषाने घ्यायचे, पार्टीच्या काळी बाई मागे बसून टाळी धरायची, पुढे सुषमादेवींसारख्या गायिका स्वतःच्या नावाने व्यासपीठावर आल्या, आणि आज संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात ते मोबाईलवर घरोघरी ऐकले जाते. पण ज्या बाया व्यासपीठावर कधीच गेल्या नाहीत त्यांची गाणी आपल्या वह्यांत बिननावाने पडली आहेत. आत्यांच्या आईचे नाव आम्ही वहीत त्या गाण्याखाली लिहिले. नातीने ते ठळक अक्षरांत काढले. येथे छापू नका, असे आत्यांनीच सांगितले म्हणून देत नाही.

बैठकीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. डीजेला आगाऊ रक्कम आधीच देऊन झाली होती, त्यामुळे मिरवणुकीत तोच वाजणार आहे. आम्ही विरोध केला, मत पडले, हरलो. मात्र सकाळी वंदनेनंतर विहारात तासभर गाणी व्हावीत, हे सर्वांनी मान्य केले. विशेष म्हणजे डीजेच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलणारा पोरगा गोदामातून रात्रपाळी करून सकाळी येतो, तोच ढोलकीला बसणार आहे. त्याचे आजोबा पार्टीत झांज वाजवीत, हे त्याला वही पाहून कळले. त्याला अजून ठेका धरता येत नाही, काका ओट्यावर मांडी थापटून दाखवतात.

ज्या वाचकांच्या घरी, विहारात किंवा पेटाऱ्यात अशा वह्या असतील त्यांनी त्या वाळवीपासून जपाव्यात. शाई पुसट होत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलांकडून नवीन वहीत उतरवून घ्याव्यात. भिवंडी, वाडा, शहापूर भागातल्या जुन्या पार्ट्यांतली माणसे हयात असतील तर त्यांनी दिघाशीच्या विहारात रविवारी संध्याकाळी जरूर यावे. अकरा गाणी अशी आहेत की त्यांचे कवी काकांना आठवत नाहीत. त्यांच्याखाली आम्ही एक एक ओळ मोकळी सोडली आहे.

पेटी भिवंडीला दुरुस्तीला टाकली. खर्च मंडळाच्या खात्यावर घालू नये, असे आम्ही नव्या खजिनदारांना सांगितले आहे. दुकानदार म्हणाला, भाता नवा घालावा लागेल, दोन सूर बसलेत, ते मिळाले तर मिळाले. आठ दिवसांनी या. जयंतीला अजून पंधरा दिवस आहेत.